चुलीवर झोपलेला माणूस

आमच्या चूलवाल्या सरांइतका खवट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही आणि पाहायची हौसही नाही. ते गेले तेव्हा नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात शोकसभा झाली. आयोजक मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोलाल का?" मला सुचत होते ते खरोखरच दोन शब्द होते आणि ते शोकसभेत बोलण्यासारखे नव्हते. म्हणून बसूनच राहिले. पण घरी आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही, तेव्हा लिहून मोकळी होते. ज्यांच्या वाट्याला असा एखादा मास्तर आला असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाकीच्यांनी सुटलो म्हणावं.

सरांचं हत्यार म्हणजे एकच शब्द: उष्टं. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा पोरं सिडकोतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत फरशीवर बसून चित्रं काढायचो. सर मागून फिरत. कोणाच्या तरी पाठीशी थांबत, दोन बोटांनी कागद उचलत आणि विचारत, "कुठं बघितलं?" पोरगं प्रामाणिकपणे सांगे, कॅलेंडरवर. "मग उष्टं हाय," असं म्हणून कागद खाली सोडून देत. फाडत नसत. फाडला असता तर निदान रडायला निमित्त मिळालं असतं. खाली पडलेला कागद ज्याचा त्यानं उचलून घ्यायचा. गणपती काढला, उष्टं. रामकुंड काढलं, उष्टं. एका मुलानं स्वतःच्या आजोबांचं चित्र आणलं तर म्हणाले, "फोटोवरनं काढलं ना? आजोबा घरात बसलेत, आन् तू फोटो बघतो?" ते खरं होतं. पण खरं आहे म्हणून बारा जणांसमोर बोलायचं का?

पोरांची नावं लक्षात ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. गावावरून हाक मारत. मी कळवणची. शिकायला सिडकोत मावशीकडे राहिले होते. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं आणि पुढची चार वर्षं मी 'कळवण' होते. "ए कळवण, पाणी बदल." "कळवण, तुझ्या झाडाला मूळ नाय." माझ्या शेजारी पेठ बसायचा आणि त्याच्या पलीकडे सटाणा. सटाण्याची ती मुलगी एकदा चिडून म्हणाली, "सर, माले नाव शे!" सर म्हणाले, "हाय ना. चित्राखाली टाकायच्या लायकीचं झालं की सांग, मग घेऊ." पुढच्या रविवारपासून ती आलीच नाही. तिच्याइतकी अक्कल मला असती तर मी सुखी झाले असते.

स्वतः सर नांदगावचे. तीन भावांतले धाकटे. थोरला रेल्वेत लागला, मधल्यानं आडत टाकली आणि हे अंबडच्या एका कारखान्यात पाट्या रंगवायचे. 'सावधान', 'हात घालू नये', 'येथे थुंकू नये'. त्यामुळे हात पाटीचा होता. रेघ काळी, बोटाएवढी जाड, थरथर नाही की फेरविचार नाही. रंगही पाटीचेच: लाल, पिवळा, काळा, पांढरा. निळा कारखान्यात लागत नसे म्हणून त्यांच्या चित्रात आकाश पिवळं असे. मोठ्या शहरांतल्या लोकांना पुढे या पिवळ्या आकाशाचं फार कौतुक वाटलं.

चित्रांचे विषय मात्र नांदगावचेही नव्हते आणि अंबडचेही. ते सगळे रशियाचे होते. सर पाचवी-सहावीत असताना बाजारातल्या रद्दीवाल्याकडे त्यांना रशियन लोककथांचं एक मराठी पुस्तक सापडलं. तशी पुस्तकं तेव्हा स्वस्तात मिळत. ज्यांच्या घरात होती त्यांना तो जाड गुळगुळीत कागद आठवत असेल. पण सरांच्या हाती आलेल्या प्रतीतली सगळी चित्रं कोणीतरी आधीच ब्लेडनं कापून नेली होती. मजकूर होता आणि मध्ये मध्ये चौकोनी भोकं होती. सर म्हणत, "चित्रं नव्हती म्हणून मला काढावी लागली. असती तर बघून गप पडलो असतो."

आता नांदगावच्या पोरानं रशिया काढायचा म्हणजे काय होणार! गोष्टीत लिहिलेलं, कोंबडीच्या तंगड्यांवर उभी असलेली झोपडी रानात फिरते. सरांच्या चित्रात त्या तंगड्यांना सुतळी बांधलेली असे, कारण बाजारात त्यांनी पाहिलेल्या सगळ्या कोंबड्यांचे पाय बांधलेलेच होते. गोष्टीत पांढऱ्या सालीची झाडं होती, तर यांनी आपल्या डोंगरातले पांढऱ्या बुंध्याचे कांडोळ काढले. गोष्टीतला धाकटा भाऊ गुडघाभर बर्फातून चालत जातो. सरांना बर्फ माहीत होता तो रसवंतीवाल्याचा. म्हणून त्यांच्या चित्रात माणूस बर्फाच्या लाद्यांमधून वाट काढत जाई, लाद्यांवर पोती आणि पोत्यांवर लाकडाचा भुसा. तो भुसा इतका सुंदर पिवळा लागलेला असे की मी कित्येक वर्षं त्याला ऊन समजत होते.

पण ज्यावरून त्यांना नाव पडलं ते चित्र चुलीचं. गोष्टीची सुरुवात ठरलेली: एका म्हाताऱ्याला तीन मुलगे होते, थोरले दोघे शहाणे आणि धाकटा खुळा, तो काही कामधाम करीत नसे, दिवसभर चुलीवर झोपून राही. सरांनी तसंच काढलं. मातीची चूल, तिन्ही बाजूंनी जाळ, आणि जाळात हाताची उशी करून झोपलेला एक पोरगा. चेहरा शांत. घोरत असावा असं वाटे. हे चित्र त्यांनी आयुष्यात किती वेळा काढलं याला गणती नाही. कधी पोरगा तरणा असे, कधी टक्कल पडलेला. जाळ कधी खाली असे, कधी पार केसांपर्यंत.

मी एकदा विचारलं होतं, "सर, तो भाजत कसा नाही?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कळवणहून नव्हे तर चंद्रावरून आले होते. "आईची चूल हाय ती. पोराला कशी भाजंल?"

मला तेव्हा ते उत्तर आवडलं होतं. हे कबूल करायला आता जड जातं, पण आवडलं होतं.

आता माझी गोष्ट. चार वर्षं मी जे काढलं ते उष्टं ठरलं. मोर उष्टा, आगगाडी उष्टी, मावशीच्या दारातली रांगोळीही उष्टी. बघून आलेलं एकेक हातातून काढून टाकत गेले. असं सगळं काढून टाकल्यावर हातात काय उरणार? डोळ्यांसमोर दर रविवारी भिंतीवर असायचं ते. जाड काळी रेघ, पिवळं आकाश, कांडोळ. मला वाटलं, जमलं. बारावीच्या वर्षी शहरात एक मोठी चित्रस्पर्धा होती. बक्षीस मिळालं तर मुंबईला चित्रकलेला पाठवतो असं वडिलांनी कबूल केलं होतं. मी चुलीशेजारी बसलेली मुलगी काढली आणि जीव ओतून काढली. परीक्षकांत सर होते.

बक्षीस समारंभाला वडील कळवणचं दुकान बंद ठेवून आले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सर बोलायला उभे राहिले, गठ्ठ्यातून माझं चित्र काढलं आणि माईकवर म्हणाले, "हे चित्र माझं हाय. काढलं नाय मी, पण माझंच हाय. ह्या पोरीनं माझ्या ताटातलं उचललंय. असल्या उष्ट्याला बक्षीस द्यायचं नसतं." लोक हसले. वडिलांना पहिल्यांदा कळलंच नाही, तेही थोडं हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "डी.एड. कर बाई. सरकारी नोकरी लागंल." मी डी.एड. केलं.

तुमच्या ताटाशिवाय दुसरं ताट या घरात ठेवलंय कुठं, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. राग गिळला आणि तो तसाच राहिला. वीस वर्षं राहिला. या वीस वर्षांत मी नाशिकला शिक्षिका झाले, लग्न केलं, फळ्यावर मोर आणि आगगाड्या काढल्या. आणि सर निवृत्त होऊन मोठे झाले. कोणीतरी त्यांची चित्रं मुंबईला नेली, कोणीतरी त्यांच्यावर लेख लिहिला. जाळात झोपलेला माणूस हा म्हणे आपल्या काळाचा माणूस. पेपरात त्यांचा फोटो आला की मी ते पान घडी घालून डब्याखाली ठेवत असे.

माझे एक चुलतसासरे ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. तिथे रशियन इंजिनिअर येत असत आणि हे दोनदा तिकडेही जाऊन आलेले. त्यांच्याकडे दिवाळीला गेले असताना कपाटात तेच पुस्तक दिसलं. तेच, पण अख्खं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पानं उलटायला लागले. आणि ते चित्र आलं. भिंतीएवढी मोठी विटांची भट्टी, पांढऱ्या चुन्यानं सारवलेली. खाली लहानसं तोंड, त्यात भांडी. आणि वर, अगदी वर, छताखाली अंथरूण घालून लोळत पडलेला तो खुळा धाकटा.

"काका, ही चूल?"

"हो, त्यांची चूल अशीच असते. आपल्या खोलीएवढी. वरून सपाट. थंडीत सगळ्यात उबदार जागा तीच, म्हातारी माणसं, पोरं तिच्यावरच झोपतात." काका हसले. "भाषांतर करणाऱ्यानं लिहिलं चुलीवर. लिहायला हवं होतं चुलीच्या वर."

मी ते पुस्तक मागून घेतलं. कशासाठी हवंय हे त्यांना सांगितलं नाही, पण मला माहीत होतं.

सरांच्या चित्रांचं नाशिकमध्ये मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांच्याशी गप्पांचा कार्यक्रम होता. मी तिसऱ्या रांगेत बसले. पुण्याहून आलेले एक गृहस्थ पाऊण तास बोलले. होरपळ म्हणाले, दाह म्हणाले, सामान्य माणसाचा आगीशी करार म्हणाले. सर शेजारी खुर्चीत बसून ऐकत होते. मग श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं आणि मी हात वर केला.

माझं पाठांतर चोख होतं. मी म्हणाले, "सर, ती चूल तशी नसते," आणि पुस्तक उघडून चित्र सगळ्यांना दाखवलं. रशियन चूल म्हणजे काय ते शिक्षिकेच्या आवाजात समजावून सांगितलं. 'चुलीवर' आणि 'चुलीच्या वर' यांतला फरक सांगितला. बर्फाचंही सांगितलं, भुशासकट. शेवटी म्हणाले, "सर, हे बघून काढलं असतं तर बरं झालं असतं." हशा पिकला. पुण्याचे गृहस्थसुद्धा हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सर उठले. व्यासपीठावरून सावकाश खाली आले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांशी नेलं. मी वाट बघत होते, आता मला काहीतरी झोंबणारं बोलतील. तयारीतच होते मी. पण ते कितीतरी वेळ बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे खाली जाळ लागतच नव्हता त्याला?"

"नाही सर. नुसती ऊब."

"बरं," म्हणाले, आणि पुस्तक मला परत देऊन जागेवर जाऊन बसले. पुढचे प्रश्न त्यांना दोनदा विचारावे लागले.

पंधरा-वीस दिवसांनी ते आमच्या शाळेत आले. मी वर्ग सोडून बाहेर आले तर व्हरांड्यात उभे होते, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "मॅडम, तुमचं ते पुस्तक चार दिवस मिळेल का?" मॅडम. तुमचं. चार वर्षांत मला नावानं न बोलावणारा माणूस, 'कळवण' म्हणायचं सोडून अहोजाहो करत होता. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पुस्तक शाळेतल्या माझ्या कपाटातच होतं. मी आणून दिलं.

चार दिवसांचे दोन महिने झाले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत पोरं नव्हती, वर्ग कधीच बंद पडला होता. भिंतीला टेकवून सात-आठ नवी चित्रं ठेवली होती. सगळीकडे ती विटांची भट्टी. वीट न् वीट बरोबर. तोंड बरोबर, भांडी बरोबर, वर सपाट जागा आणि तिच्यावर पोरगा. कुठून तरी निळा रंगही आणला होता. आकाश निळं होतं. बर्फ भुरभुरत होता, अगदी पुस्तकातल्यासारखा. आणि वर झोपलेला पोरगा मेलेला दिसत होता. मला ते पहिल्या नजरेत दिसलं. सरांनाही दिसत असणार, कारण ते चित्रांकडे पाठ करून बसले होते.

"आता बरोबर हाय ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. किंवा खरं बोलू शकले असते, की सर, हे जाळून टाका आणि आपल्या चुलीवर परत या. दोन्ही केलं नाही. मी म्हणाले, "हो, बरोबर आहे." वीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याशी जे केलं त्याचं हे व्याज, असं काहीसं मनात आलं आणि मी चहा पिऊन निघून आले. पुस्तकही मागितलं नाही. त्यानंतर त्यांनी चित्र काढलं नाही, असं लोक सांगत. गुडघे दुखतात, नजर गेली, अशी कारणं द्यायचे. वर्षभरानं गेले.

इथे कोणी म्हणेल, आता बाईंनी सरांना माफ केलं असणार. नाही केलं. माईकवर बोललेलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे आणि वडिलांचं ते अर्धवट हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. सर दुष्ट होते. ज्या उसन्या गोष्टीवर स्वतः जगले तशी दुसऱ्याला मिळू नये म्हणून त्यांनी आमच्या हातातलं एकेक हिसकावून घेतलं, असं मी आजही म्हणते. पण शोकसभेत मागच्या भिंतीवर त्यांचं एक जुनं चित्र लावलं होतं. तो टकलू माणूस, डोक्यापर्यंत जाळ, हाताची उशी. वक्ते बोलत होते आणि मी तेच बघत होते. असं चित्र काढायला जगात आता कोणी उरलं नाही. ते मला दिसतं, कारण ते बघायला मला त्याच माणसानं शिकवलं. याचा मला फार राग येतो.

सभेनंतर मी काकूंना भेटायला घरी गेले. काकू म्हणजे सरांच्या बायको. वर्ग चालू असताना आम्हा पोरांना मधल्या सुट्टीत मुरमुरे देणाऱ्या. खोलीत चित्रं नव्हती, सगळी लोक घेऊन गेले होते. काकूंनी आतून माझं पुस्तक आणलं. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं, वर दोरा.

"तुझं हाय. द्यायचं राहिलं व्हतं."

मी म्हणाले, "काकू, सरांना माझा राग होता का?"

"तुझा? नाय गं. त्यांची आई लय लवकर गेली. धा वर्षांचे असतील. भाऊ-भावजया झोपल्या म्हंजे हे चुलीपाशी जाऊन निजायचे. राख गरम राहती ना सकाळपर्यंत. तवाच कधीतरी ते पुस्तक घावलं त्यांना." त्यांनी पदरानं खुर्चीवरची धूळ पुसली. मला बस म्हणाल्या नाहीत.

मी पुस्तक पिशवीत ठेवलं. दारापर्यंत आल्या. मी चप्पल घालत असताना म्हणाल्या, "तू काय खोटं नाय बोलली, पोरी. मला समदं सांगितलं त्यांनी. पण बोलायची एवढी काय घाई व्हती? साठ वर्सं निवांत झोपले व्हते ते. तू उठवलं."